बैलाचं काही सांगणार नाही

डोंगरकडा, २ ऑगस्ट

धर्मसिंग, सलाम.

पाकिटावरचं अक्षर बघून तू रुपाला म्हणशील, "शिंप्याचं पत्र हाय, फाडून टाक." फाडायला जाऊ नको. कॉलरला लावतो ते बकरम आतून लावलंय. तुझेच हात दुखतील.

फोन केला असता, पण तुझा फोन तुझी लेक उचलते आणि "बाबा गोठ्यात हायेत, काका" म्हणते. तीन वर्षं झाली, तू गोठ्यातच आहेस. एवढा वेळ तर म्हैससुद्धा गोठ्यात बसत नाही.

मुद्द्याचं सांगतो. 'सावलीघाट'चा सातवा भाग आला. शेवटचा. माझ्या नातीनं, हुमेरानं, नांदेडहून दोन प्रती पाठवल्या. एक माझी, एक तुझी. पोरगी आता कॉलेजात आहे, पण अजून तिला वाटतं की आपण दोघं तिच्यासाठीच ती पुस्तकं वाचत होतो. सहावीत असताना शाळेतून बक्षीस मिळालेला पहिला भाग घेऊन आली आणि भीती वाटते म्हणून रडायला लागली, तेव्हा तू दुकानातल्या बाकड्यावर बसून तिला मोठ्यानं वाचून दाखवायला घेतलंस. दोन प्रकरणं ऐकून ती लंगडी खेळायला पळाली. आपण दोन म्हातारे मात्र तिथेच अडकलो, ते सहा भाग अडकलो. तू वाचायचास, मी शिवायचो. मिठाच्या गोण्या लादून घाट ओलांडणारा तांडा, त्यातली ती तारंगी, माणसांच्या सावल्या विकत घेणारा तो अंधारमल, आणि सगळ्यांच्या पुढे चालणारा कवड्या बैल. पाठीवर कधी चिमूटभर ओझं न घेतलेला.

तुझी शपथ मला पाठ आहे. सहाव्या भागाच्या शेवटी कवड्यानं दोरांचा पूल शिंगांवर तोलून धरला, सगळा तांडा पलीकडे गेला, आणि पुलासकट कवड्या दरीत गेला. त्या पोळ्याला तू तुमच्या बंजारा तांड्यावर त्याच्या नावानं पुरणपोळीचं ताट वाढलंस. मी उकंडरावाच्या हॉटेलात म्हणालो, "कवड्याचं माप आण, झूल शिवून देतो!" सगळं हॉटेल हसलं. तू चहा अर्धा टाकून उठलास. "कवड्या परत येईस्तोवर तुझ्या दुकानाची पायरी चढणार न्हाई," असं म्हणून गेलास, ते थेट सिद्धेश्वर धरणापाशी लेकीकडे.

आता पुस्तकातल्या बैलाला कोणी पुरणपोळी वाढली तर माणूस हसणार नाही तर काय करणार? ते जाऊ दे. आजपासून मी वाचायला घेतोय. एक शब्द देतो. कवड्या आला, न आला, मी काहीही सांगणार नाही. तुझं तू वाचायचंस.

रुपाला, जावईबापूंना सलाम.

गुलाम नबी

डोंगरकडा, ६ ऑगस्ट

धर्मसिंग,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, त्यामुळे मला काही फरक पडलेला नाही. पोस्टमन दारावरून गेला तेव्हा मी सहज बाहेर उभा होतो.

स्वतःच्या डोळ्यांनी वाचायला लागलं की कळतं, वाचणं हे शिवण्याहून अवघड काम आहे. अंधारमल बोलायला लागला की मला तुझं ते नाकातून बोलणं आठवतं. तसं बोलल्याशिवाय तो अंधारमल वाटतच नाही, नुसता कोणी दुकानदार वाटतो. मग मीही नाकातून वाचायला लागलो. आतून फातिमाबी काढा घेऊन आली. "अजी, सर्दी हुई क्या?" मी म्हटलं, सर्दी नाही, अंधारमल आहे. ती म्हणाली, "धर्मसिंगभाई थे तो किताब वो पढते थे, तुम मशीन चलाते थे. अब किताब भी तुम, मशीन भी तुम. ऐसा नक्को करो, लोगां के कपडे बिगडते." काढा मात्र प्यायला लावलाच.

कपडे बिगडते हे तिचं खरं आहे. रुख्मिणीबाईंच्या ब्लाऊजला दोन्ही बाह्या डाव्या लागल्या. त्यात माझी चूक नाही. तारंगी नेमकी त्या वेळी अंधारमलच्या तळघरात शिरत होती. रुख्मिणीबाई ब्लाऊज हातात धरून म्हणाल्या, "काय वो मास्तर, आता उजवा हात घरी ठिवून येऊ व्हय?" मी त्यांना तळघराची गोष्ट सांगितली. रागावून आल्या होत्या, पण उभ्या राहून ऐकत राहिल्या, आणि जाताना म्हणाल्या, "पुढं काय झालं ते सांगा बरं का. ब्लाऊज न्यायला परवा येते."

तारंगी आता मोठी झाली आहे, धर्मसिंग. तिला तुझ्यासारखा राग येतो, नाकाच्या शेंड्यावर. घाटाची वाट विचारायला तिनं स्वतःची सावली त्या चोराला विकली! मी पुस्तक फाडकन मिटलं. म्हटलं, जा, मर, मी नाही वाचत. मग दोन टाके घातले आणि परत उघडलं.

मधे बाजाराचं एक लांबलचक प्रकरण आहे. लेखकाला बहुतेक बाजार करायची हौस असावी. पण मिठाच्या गोण्या कशा शिवायच्या ते लिहिलंय ते बराबर आहे, मी तपासलं.

कवड्याचा अजून पत्ता नाही. एवढं सांगितलं तर चालतं, कारण यात सांगण्यासारखं काहीच नाही.

गुलाम नबी

डोंगरकडा, ९ ऑगस्ट

धर्मसिंग! अरे धर्मसिंग!

संपलं. आज दुपारी संपलं. बैलाचं काही सांगणार नाही.

पुस्तक मिटलं आणि मी दुकानाच्या पायरीवर येऊन उभा राहिलो. समोरून केळीचा ट्रक चालला होता. मी त्याला हात केला. त्यानं ब्रेक मारला, काच खाली करून विचारलं, "काय झालं चाचा?" मी म्हटलं, "काही नाही, जा बेटा, सुखानं जा." त्याला वाटलं असेल, म्हाताऱ्याला ऊन लागलं. मग मी उकंडरावाच्या हॉटेलात गेलो आणि सगळ्यांना पेढे वाटले. उकंडराव म्हणाला, "काय मास्तर, नातू झाला व्हय?" मी म्हणालो, "त्याच्याहून मोठं." हे कोणीतरी जाऊन फातिमाबीला सांगितलं. ती दुपारपासून माझ्याशी बोललेली नाही. बोलेल. आज माझ्यावर कोणी रागावलं तरी मला गोडच वाटणार आहे.

काय काय सांगता येईल ते सांगतो. मीठ पोचलं. घाटापलीकडच्या लोकांनी इतक्या वर्षांनी चवीचं जेवण केलं, आणि एक म्हातारी पहिला घास घेऊन नुसती हसत बसली, ते वाचताना मीही हसत बसलो. तारंगीची सावली तिला परत मिळाली. अंधारमलचं जे झालं ते असं झालं की वा! दुसऱ्यांच्या सावल्या विकत घेणाऱ्याची स्वतःचीच सावली उठली आणि त्याला सोडून चालती झाली. मला वाटत होतं तलवारबिलवार चालेल. कशाला? असा माणूस एकटा पडला की संपलाच. लेखकाला हे सुचलं तेव्हा तोही दुकानाच्या पायरीवर येऊन उभा राहिला असेल.

आणि शेवटून तिसऱ्या प्रकरणात धुकं दाटलेलं असतं, तांडा वाट चुकलेला असतो, कोणालाच पुढचं पाऊल दिसत नाही, आणि तेव्हा... नाही. नाही सांगणार. शब्द म्हणजे शब्द. मी एवढंच म्हणतो की त्या पानावर माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि बाजूला गिऱ्हाईक उभं होतं तरी मी ते पुसलं नाही.

शेवटचं लग्नाचं प्रकरण घाईत उरकलंय. पंगतीत कोण कोण होतं तेसुद्धा नीट लिहिलेलं नाही. पण आज मी सगळं माफ करतो. आता पुढचा भाग यायचा नाही म्हणून वाईटही वाटलं. पण मनात इतका आनंद भरला होता की त्या वाईटाला बसायला जागाच मिळाली नाही.

एकच तकलीफ होती. हे सगळं मी मनातल्या मनात वाचलं. ते धुक्याचं पान तुझ्या आवाजात ऐकायचं राहिलं. प्रत्येक चांगल्या वाक्याला मी मान वर करायचो, आणि समोर बाकडं रिकामं. रुख्मिणीबाई ऐकतात, पण त्या मधेच बाहीचं विचारतात.

तुझी प्रत सोबत पाठवतोय. तुझी खोड मला ठाऊक आहे. पुस्तक हातात आलं की तू आधी शेवटचं पान उघडतोस. म्हणून शेवटची चार प्रकरणं मी मशीनवर शिवून टाकली आहेत. जीन्सची सुई, दुहेरी धागा. हा टाका उसवायला माझी कात्री लागेल, आणि माझी कात्री दुकानाबाहेर जात नाही.

गुलाम नबी

डोंगरकडा, १२ ऑगस्ट

धर्मसिंग,

हे पत्र धंद्याचं आहे. दुसरं काही नाही.

एक गिऱ्हाईक आलंय. त्याला पोळ्यासाठी बैलाची झूल शिवून पाहिजे. मी जन्मभर माणसांची मापं घेतली. नवरदेवाचं घेतलं, पैलवानाचं घेतलं, एकदा एका शाळामास्तरांचं ते झोपलेले असताना घेतलं. पण बैलाचं कधी घेतलं नाही. झूल कुठून कुठवर मोजतात? वशिंडाला कापड सैल सोडायचं की चुण्या घालायच्या? पोटाखाली किती लोंबली पाहिजे? या गावात आणखी कोणाला विचारलं तर "मास्तर, तुमच्याकडं बैल कवा आला?" असं विचारतील. म्हणून तुला विचारतो.

बैल मोठा आहे. म्हणजे गिऱ्हाईक म्हणतं, मोठा आहे. पांढऱ्या अंगावर करडे ठिपके. डाव्या शिंगाचं टोक मोडलेलं आहे, कशानं मोडलं ते गिऱ्हाईकानं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. चाल अशी की मागून शंभर बैल आले तरी मागे वळून बघायचा नाही.

कापड मी लाल मखमल घेतलंय. कडेला हिरवी किनार, मधे गोल आरसे. फातिमाबी आरसे टाकायला बसली आहे. कोणासाठी ते तिला सांगितलंय. ती हसली नाही. म्हणाली, "टाका पक्का डालो जी, जानवर चलनेवाला है."

गिऱ्हाईक घाईत आहे. पोळा तोंडावर आलाय. माप लवकर कळव. यातून भलतासलता अर्थ काढू नको.

गुलाम नबी

सिद्धेश्वर, १६ ऑगस्ट

गुलाम नबी, रामराम.

तुजी समदी पत्रं भेटली. मी उत्तर दिलं न्हाई. देणार बी न्हवतो. पुस्तक आलं तवा रुपानं टाका उसवाया ब्लेड आनलं. मी म्हनलं, ऱ्हाऊ दे. ज्या पुस्तकात कवड्या न्हाई ते उसवून काय करायचं? उशाखाली ठिवून दिलं.

मंग तुजं हे धंद्याचं पत्र आलं. रुपानं मोठ्यानं वाचलं. जावई कुलदीप जेवून राहिला होता, त्याचा घास हातातच ऱ्हायला. समदी माज्या तोंडाकडं बघून राहिली. मी रुपाला म्हनलं, पुन्यांदा वाच. तिनं पुन्यांदा वाचलं.

अरे येड्या, मेलेल्या बैलाची झूल कोन शिवतं?

तू शब्द दिला व्हता, काई सांगनार न्हाई. तुज्या पोटात तीळ भिजत न्हाई, हे मला काहून ठाव न्हाई? पर मी रागावलो न्हाई. मी गोठ्यात गेलो, खरंच गेलो ह्या वक्ताला, आन बैलाच्या गळ्याला हात टाकून लई येळ हासलो. रुपा बाहेरून बघून राहिली. तिला वाटलं बाबा रडून राहिले.

तीन सालं झाली, मला समदे म्हनायचे, बैल मेला, इसर आता. मी इसरलो न्हाई. आमचा आजा सांगायचा, तांड्यात एक बैल देवाचा असतो. त्याच्यावर ओझं टाकत न्हाईत, त्याला इकत न्हाईत. त्यो चालला की तांडा चालतो, त्यो थांबला की तांडा थांबतो. आमच्या घरात आसा बैल आजानं पायला, बापानं न्हाई पायला, मी तर न्हाईच. मी त्यो पुस्तकात पायला. म्हनून ताट वाढलं व्हतं. तुला त्या दिशी सांगाया पाहिजे व्हतं, पर तू हासून राहिला होतास.

आता माप ऐक. झुलीचं माप आकड्यात सांगता येत न्हाई. कुलदीपच्या बैलाला सुतळी लावून गाठी मारल्या. पर त्यो बैल बारका हाय. कवड्या त्याच्यापरीस उंच. दुसऱ्या भागात लिवलंय बघ, तारंगी टाचा वर करती तरी तिचा हात वशिंडाला पुरत न्हाई. तवा म्या सुतळी वीतभर वाढवली. पैली गाठ मानेची, दुसरी वशिंडाची, तिसरी शेपटीची. वशिंडाला कापड ढिलं सोड, तू काखेला सोडतोस तसं. सुतळी सोबत धाडतो.

बैल आला, शपथ फिटली. पर त्यो कसा आला ते मला ठाव न्हाई, आन तू सांगू नगस. ते मी वाचीन, तू शिव. आन ऐकताना पैल्यांदाच ऐकून राहिल्यावानी तोंड कर.

पोळ्याच्या आदल्या दिशी, खांदेमळणीला येतो. चहा सांगून ठिव. मागचा अर्धा ऱ्हायलाय.

धर्मसिंग

डोंगरकडा, १९ ऑगस्ट

धर्मसिंग,

सुतळी मिळाली. कापड बेतलं.

खांदेमळणीला तुम्ही लोक बैलाच्या कानात सांगता तेच तुला सांगतो. आज आवतण घे, उद्या जेवायला ये.

गुलाम नबी

डोंगरकडा, २३ ऑगस्ट

हुमेरा बेटा, सलाम.

तू फोनवर विचारलंस, "नाना, शेवट आवडला का?" मी म्हटलं, पत्रात लिहितो. आता बस आणि वाच.

धर्मसिंग आला. बगलेत पुस्तक, शिवलेलं तसंच्या तसं. दुकानाच्या पायरीपाशी थांबला, चपला काढल्या आणि वर चढून आपल्या बाकड्यावर बसला. मी कात्री घेतली, टाका उसवला. आम्ही एकमेकांना 'कसा आहेस' असंसुद्धा विचारलं नाही. आधीची प्रकरणं तो तिकडेच वाचून आला होता. त्यानं चष्मा पुसला आणि सुरू केलं. मी झुलीची किनार लावायला घेतली.

धुक्याचं पान आलं. तांडा वाट चुकलेला, कोणाला काही दिसत नाही, आणि पुढून, फार पुढून, घुंगरमाळेचा आवाज येतो. मला सगळं ठाऊक होतं, त्यालाही अर्धं ठाऊक होतं, तरी तो आवाज आला आणि माझा पाय मशीनवर थांबला. धर्मसिंगचाही आवाज थांबला. मग मी उठलो, त्याच्या शेजारी बाकड्यावर बसलो आणि पुढचं पान मी वाचलं. मोठ्यानं. मी आयुष्यात पहिल्यांदा कोणाला काही वाचून दाखवलं, बेटा. दारात रुख्मिणीबाई उभ्या होत्या, त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाल्या, "आला गं बाई माझा कवड्या!" त्यांना मी सगळे भाग तोंडी सांगून ठेवले होते.

शेवट आवडला का? लग्नाचं प्रकरण धर्मसिंगलाही घाईचं वाटलं. बाकी सगळं मान्य.

काल पोळा झाला. तांड्यावरचे बैल सजून निघाले. सगळ्यांच्या पुढे आम्ही दोघं चाललो. लाल झुलीचं पुढचं टोक धर्मसिंगनं धरलेलं, मागचं मी, आणि मधे ती कापडाची पाठ ताणून धरलेली, वशिंडापाशी जरा ढिली. फातिमाबीनं लावलेले आरसे उन्हात नुसते लखलखत होते. खाली कोणी नाही. मागून खरे बैल, त्यांच्या मागे पोरं, ढोल, सगळा तांडा. आम्ही थांबलो की सगळे थांबायचे.

उकंडराव हॉटेलाच्या दारात उभा होता. त्यानं हात हलवून ओरडून विचारलं, "मास्तर, झूल झकास हाय, पर बैल कुठाय?" सगळी पारावरची मंडळी हसली, अगदी तेव्हासारखीच. धर्मसिंगनं माझ्याकडे वळून पाहिलं. तो बघत होता, मी काय म्हणतो ते.

मी म्हणालो, "तुमाला दिसून राहिला न्हाई व्हय? आमाला तर चांगला दिसून राहिला. जरा बाजूला सरका, शिंग लागंल."

आणि उकंडराव खरंच एक पाऊल मागे सरकला, बेटा.

संध्याकाळी धर्मसिंगच्या तांड्यावरच्या घरी पुरणपोळीची दोन ताटं वाढली. एक कवड्याचं. दुसरं मला. झूल आता माझ्या दुकानात भिंतीवर आहे, धर्मसिंग परत सिद्धेश्वरला गेलेला नाही. रुपानं फोन केला तर मीच उचलला आणि सांगितलं, "बाबा दुकानात हायेत."

उद्यापासून पहिला भाग पुन्हा सुरू करतोय. तुझी जुनी प्रत सापडत नाही. असेल तर नांदेडहून येणाऱ्या कोणाकडे तरी दे.

तुझे नाना
गुलाम नबी